एका मागाला माणसं किती?

बेळगावच्या शहापुरात भरमू तारिहाळकराचं घर कुणी विचारलं तर लोक नंबर सांगत नसत. "संध्याकाळी जिथला माग मधेच गप्प होतो, ते घर," एवढंच सांगत. गल्लीत बारा घरं, प्रत्येक सोप्यात दोन यंत्रमाग, आणि सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत सगळ्यांचा मिळून असा खडखडाट, की नवी सून पहिला महिनाभर खुणांनीच बोलायची. त्यात भरमूचे दोन माग तेवढे ठरावीक वेळेला अर्धा तास थांबायचे. वीज गेलेली नसायची, सूतही तुटलेलं नसायचं. त्या वेळेला रेडिओवर टोकियोहून हिंदीत बातम्या लागायच्या, आणि मागाच्या आवाजात त्या ऐकू यायच्या नाहीत.

भरमू सातवी शिकलेला, अंगानं किडकिडीत, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. विणकर म्हणून चांगला, पण गल्लीतला पहिल्या नंबरचा नव्हे. तो मान शेजारच्या रवळूचा. भरमूची अडचण अशी, की त्याला प्रत्येक गोष्टीतलं 'कसं काय' कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. साडी घेणारी बाई पदर बघते, हा पदर उलटा करून मागची बाजू बघायचा. लग्नाच्या पंगतीत लोक जिलेबी खायचे आणि हा उठून आचाऱ्याला पाकाबद्दल विचारायला जायचा. अशा माणसानं एकाहत्तरच्या लढाईत बातम्यांसाठी म्हणून रेडिओ घेतला, आणि लढाई चौदा दिवसांत संपली तरी ह्याचं ऐकणं काही संपलं नाही.

खरं खूळ लागलं ते मात्र एका साडीपायी. रवळूचा मेहुणा कुवेतला होता. त्र्याहत्तर साली तो आला तेव्हा त्यानं बहिणीसाठी जपानी नायलॉनची साडी आणली. गल्लीतल्या बायका तिच्यावरून हात फिरवून गेल्या. भरमूनं ती मागून घेतली, दारातल्या उजेडात भिंग लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, आणि पूर्ण लांबीत एकही तुटलेला धागा त्याला सापडला नाही. तो पार अस्वस्थ झाला. जपानातल्या बायका साडी नेसत नाहीत. ज्यांच्या घरात साडी म्हणजे काय हे कुणाला माहीत नाही, ते लोक आपल्यापेक्षा चांगली साडी कशी विणतात? त्यांना कुणी सांगितलं, सूत कुणी दिलं, सरकार त्यांच्या कुठल्या बाजूला उभं होतं?

हे विचारायचं कुणाला? टोकियोची निवेदिका रोज गोड आवाजात सांगायची, पत्र लिहा. त्यानं लिहिलं. महिन्याभरानं बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर आलं आणि सोबत दोन ओळींचे आभार. प्रश्नाचं उत्तर नव्हतं, पण सातासमुद्रापलीकडून आपल्या नावाचं पाकीट येतं, एवढ्यावर भरमू महिनाभर तरंगत होता. मग त्यानं चीनला, पेकिंगच्या केंद्राला लिहिलं. पुढं कोरियाचं सोल आणि तैवानची तैपेईही सापडली, पण ती इंग्रजीतून बोलत. तिथं भरमूची गाडी अडली.

ती टिळकवाडीत सुटली. राजमतीबाई तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवत. मूळच्या निपाणीच्या, तंबाखूच्या व्यापारातल्या जैन घराण्यातल्या. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा पाण्यासारख्या. भरमू त्यांच्याकडं साडी पोचवायला गेला आणि कोरियाचं पत्र दाखवून बसला. बाईंनी ते वाचून दाखवलं, आणि मग शिक्षकी खाक्यानं त्याला फैलावर घेतलं. त्याचे प्रश्नच चुकीचे होते. तुमची प्रगती कशी चालली आहे असं विचारलं तर कोण वाईट सांगेल? त्यापेक्षा चौघांना एकच प्रश्न विचारावा, तोही नेमका, म्हणजे उत्तरातला फरक दिसतो. भरमूला हे एकदम पटलं. त्या दिवसापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा एक प्रश्न ठरायचा, आणि चार पाकिटं एकाच दिवशी पोस्टात पडायची.

भरमू पत्त्यात राज्याचं नाव घालत नसे. शहापूर, बेळगाव, भारत. सीमाभागातली ही जुनी सवय. कुठलंही एक नाव घातलं की पोस्टमनपासून जावयापर्यंत कुणाचा तरी चेहरा बदलतो. पण परदेशातले लोक टापटिपीचे, त्यांना मोकळी जागा खपत नाही. कुणी तिथं म्हैसूर टाकलं, कुणी महाराष्ट्र, कुणी कर्नाटक, आणि पेकिंगनं एकदा मुंबई राज्य लिहिलं. पाकिटं सगळी बिनबोभाट पोचली. कोरियाचेही दोन तुकडे झालेत हे कळल्यावर भरमूनं सोलला विचारलं, की पलीकडच्या तुकड्यातल्या पाहुण्यांना तुम्ही पत्र लिहिता का? उत्तर आलं, तिथं टपाल जात नाही. आपलं पत्र कोल्हापूरला दोन दिवसांत पोचतं, आणि तिथं सख्ख्या भावाची खुशाली तीस वर्षांत नाही. भरमूला त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

अमावस्येला शहापुरात माग बंद. त्या दिवशी गल्लीला कान असत आणि भरमूला श्रोते. त्याच्या दारात दहा-बारा विणकर पानाची पिशवी घेऊन बसायचे आणि तो आपलं दुकान मांडायचा. कोरियाचं सरकार म्हणजे कडक मास्तर, असं तो सांगे. प्रत्येक गावाला त्यांनी सारखंच सिमेंट दिलं, तीनशे पस्तीस पोती. ज्या गावानं रस्ता केला, विहीर बांधली, त्याला पुढच्या साली जास्त दिलं. ज्या गावानं पोती भिजवली त्याला काही नाही. हे ऐकून रवळूनं विचारलं, आपल्याकडं हे केलं तर? यावर बराच वेळ हसणं चाललं. जपानचं सरकार मास्तर नव्हे, घरातला थोरला काका. तो हुकूम सोडत नाही. सगळ्या व्यापाऱ्यांना बोलावून चहा पाजत बसतो, आणि सगळे कंटाळून एका गोष्टीला हो म्हणेपर्यंत उठत नाही. पेकिंगनं पंचाहत्तर साली लिहिलं होतं, की आमच्याकडं सगळं एकत्र, शेत एकत्र, कामाचे गुण वहीत मांडले जातात. त्यावर कुणीतरी विचारलं, बायकांना गुण मिळतात का? भरमूनं पुढच्या पत्रात विचारलं. मिळतात म्हणे. बाप्याला दहा, तर बाईला सात-आठ.

आत रहाटावर बसलेली गंगव्वा, म्हणजे भरमूची बायको, हे ऐकत असायची. धोट्यात बसणारी सुताची कांडी सात-आठ मिनिटांत संपते. दोन मागांना दिवसाला दीडशेच्या वर कांड्या लागतात, आणि त्या भरायचं काम तिचं. अमावस्येला माग बंद असला तरी दुसऱ्या दिवशीच्या कांड्या भराव्या लागतच. चीनचं ऐकून ती नवऱ्याला म्हणाली होती, की सात तर सात. भरमूला वाटलं ती चीनची तारीफ करते आहे.

असं दहा वर्षं मजेत चाललं होतं. त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात मात्र हा खेळ अंगावर आला.

राजमतीबाईंचे चुलतभाऊ वर्धमान शेठ निपाणीत तंबाखूचा व्यापार करत. तंबाखूत आता राम नाही असं वाटून त्यांनी कापडात उतरायचं ठरवलं आणि ते शहापुरात आले. माणूस सरळ, बोलणं हिशेबी. त्यांचा बेत असा: काकतीच्या वाटेला त्यांची जागा होती, तिथं मोठी शेड बांधायची. गल्लीतले चोवीसच्या चोवीस माग तिथं न्यायचे. माग विणकरांच्याच मालकीचे राहतील, त्यांचं भाडं मिळेल, वर महिन्याचा पगार. वीज गेली तर जनरेटर. सूत आणायला उन्हातान्हात हिंडणं नको. आणि कांड्या भरायला यंत्र आणायचं, म्हणजे घरातल्या बायकांच्या मागची कटकट संपली. शेवटचं त्यांनी खास गोड बातमी सांगावी तसं सांगितलं.

गल्ली दुभंगली. त्या वर्षी वीज दिवसाचे चार-चार तास जात होती, जनरेटर म्हटल्यावर निम्म्यांच्या डोळ्यांपुढं तो धडधडायलाच लागला. उरलेल्यांना वाटत होतं, सोप्यातला माग एकदा उंबऱ्याबाहेर गेला की परत येत नाही. भरमू मधे. सोपा मोकळा झाला तर घर केवढं होईल हेही त्याला दिसत होतं, आणि रिकाम्या सोप्यात आपण कोण, हेही कळत नव्हतं. जेवताना गंगव्वानं एवढंच विचारलं:

"माग शेडात गेल्यावर मी काय करायचं?"

"तुला इसावा की गं," भरमू म्हणाला.

तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

शेवटी रवळूनं तोडगा काढला. एवढी वर्षं भरमू जपान-कोरियाचं पुराण सांगतोय, तर आता त्यांनाच विचारू दे. त्यांनी हे सगळं आधी भोगलंय. सगळ्यांनी मान डोलावली. वर्धमान शेठना ही मागणी सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा हसले, मग माणसं थट्टा करत नाहीत हे बघून गंभीर झाले. गणपतीच्या आधीच्या अमावस्येपर्यंत थांबतो म्हणाले. काकतीच्या शेडीचा पाया कोरियाच्या टपालासाठी थांबला, ही गोष्ट निपाणीत पुढं बरेच दिवस सांगितली जात होती.

पत्र टिळकवाडीत तयार झालं. भरमू मराठीत सांगत होता आणि राजमतीबाई लिहीत होत्या: आमच्या गल्लीत बारा घरं, चोवीस माग. दर घरी दोन माग, त्यावर काम करणारा माणूस एक. हे माग एका शेडात न्यावेत की घरात ठेवावेत? तुमच्या देशात अशी वेळ आली तेव्हा सरकारनं काय सांगितलं, आणि ज्यांनी ते ऐकलं त्यांचं पुढं काय झालं?

शेवटच्या वाक्यावर बाई खूश झाल्या. इतक्या वर्षांतला सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "दोन मागांना माणूस एकच?"

"एकच. मीच की बाई," भरमू म्हणाला. "सगळ्या शहापुरात हिशोब त्योच."

त्यात तो खोटं बोलत नव्हता. शहापुरात माग पुरुषाच्या नावावर मोजायची रीत होती. सोसायटीच्या वहीत, सुताच्या कोट्याच्या अर्जात, लग्नाच्या बोलणीत, कुठंही विचारा: दोन मागांचा एक माणूस. बाईंनी तसं लिहिलं.

सोलचं उत्तर सगळ्यांत आधी आलं, सहा आठवड्यांत. जाड पाकीट, आत रंगीत पुस्तक, एका शेडीत ओळीनं शेकडो माग आणि डोकीला सारखे रुमाल बांधलेल्या पोरी. बाईंनी वाचून दाखवलं, पत्र रोखठोक होतं. सरकारनं दरसाल परदेशी किती माल जायला पाहिजे हे ठरवून दिलं. ज्या कंपनीनं आकडा गाठला तिला बँकेतून पैसा, जिनं नाही गाठला तिला काही नाही. बँकाच सरकारच्या हातात. लहान विणकरांनी मोठ्या शेडीत जावं हे बरं. रवळू ते पुस्तक घेऊन चार दिवस गल्लीभर फिरला, जणू शेड त्यानंच बांधली होती.

पुढच्याच आठवड्यात तैपेईचं आलं. निळा पातळ कागद, बारीक टंकलेखन. तेही बाईंनीच वाचलं: आम्ही अगदी उलटं केलं. आमच्या सरकारनं सांगितलं, घराचा सोपा हाच कारखाना समजा. एका घरात सूत भरतात, दुसऱ्यात विणतात, तिसऱ्यात रंगवतात, आणि गावाचं मिळून एक गठुळं परदेशी जातं. सरकारनं रस्ता दिला, वीज दिली, बाकी लोकांनी केलं. सोबत एक फोटो होता: जमिनीवर गोल बसून काहीतरी जोडणारं अख्खं कुटुंब, म्हातारीपासून पोरीपर्यंत.

आता मात्र भरमूचं डोकं चालेना. तो दोन्ही पत्रं घेऊन पुन्हा टिळकवाडीला पळाला. हे दोन्ही मुलूख एकाच वेळी जपानच्या ताब्यातून सुटलेले, दोन्ही गरीब, दोन्हीकडं लष्कराचा वचक. उलट बोलायची सोय दोन्हीकडं नाही, हे बाईंनी वर्तमानपत्रात वाचलेलं. आणि दोन्ही वर आले. मग एक शेड म्हणतो आणि एक घर म्हणतो, हे कसं? बाई विचारात पडल्या. म्हणाल्या, सरकार कडक होतं म्हणून हे देश वर आले असं लोक म्हणतात, पण कडकपणातून शेड की घर याचं उत्तर निघत नाही. ते दुसऱ्याच कशातून तरी निघतं. कशातून, ते त्यांनाही सांगता येईना. चहा गार झाला, आणि भरमूला इतका आनंद झाला होता की त्याला तो प्यायचं सुचलंही नाही.

पेकिंगच्या पत्रानं त्यात भर घातली. भरमूनं पंचाहत्तरचं जुनं पत्र काढून शेजारी ठेवलं. तेव्हा सगळं एकत्र होतं. आता लिहिलं होतं, की घराघराला जमीन वाटून दिली आहे, सरकारचा वाटा देऊन उरलेलं ज्याचं त्याचं, आणि पिकं दुप्पट आली. अक्षर तेच होतं, बहुतेक तोच माणूस लिहिणारा. आधी एकत्र चूल चांगली होती आणि आता वेगळी चांगली आहे. मधे आपलं चुकलं असं मात्र त्यानं कुठं लिहिलं नव्हतं. भरमूला त्या लिहिणाऱ्याची दया आली.

राहिलं टोकियो. अमावस्येच्या सकाळपर्यंत त्यांचं काही आलं नाही. दुपारी भरमूच्या दारात सगळे जमले. वर्धमान शेठ खुर्चीवर, त्यांच्याबरोबर राजमतीबाई, विणकर पायरीवर आणि जोत्यावर, बायका आतल्या चौकटीपाशी. सोल-तैपेईची पत्रं राजमतीबाईंनी वाचून दाखवली, पेकिंगचं भरमूनं. शेडीला एक, घराला दोन, पण चीनचं घर म्हणजे शेतीचं, ते धरायचं की नाही यावर वाद सुरू झाला. तेवढ्यात पोस्टमन आला. पाकीट टोकियोचंच होतं, पण या वेळेला आत कॅलेंडर नव्हतं. रेडिओ केंद्रानं भरमूचं पत्र एका विणकर गावाच्या सोसायटीला धाडलं होतं, आणि तिथल्या एका साठीच्या बाईनं उत्तर दिलं होतं. केंद्रातल्या माणसानं ते हिंदीत उतरवून पाठवलेलं. भरमू ते आधी न वाचताच सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागला.

त्या जपानी बाईनं लिहिलं होतं, आमच्या घरामागं चार माग होते. सरकारनं देशातले सगळे माग मोजले आणि प्रत्येकाला नंबर दिला. नंबराशिवाय माग चालवायचा नाही. मग अमेरिकेनं आमचं कापड घेणं कमी केलं. सरकार, सोसायटी, व्यापारी खूप महिने बोलत बसले. कुणी आवाज चढवला नाही. शेवटी ठरलं, की माग जास्त झालेत. सरकारनं आमचे माग विकत घेतले, आणि पुन्हा कुणी चालवू नयेत म्हणून मोठा घण घेऊन माणूस आला आणि अंगणात त्यानं ते फोडले.

माग फोडायचा ही कल्पनाच त्या गल्लीत कुणाच्या डोक्यात कधी आली नव्हती. रवळूनं हातातलं पान तसंच खाली ठेवलं.

भरमू पुढं वाचत गेला. किंमत चांगली दिली. नवऱ्याला मोटारींच्या कारखान्यात काम मिळालं. आमच्या सरकारनं नीट मोजून सगळं केलं, त्याची तक्रार नाही. चार माग मोजले, एक माणूस मोजला.

इथं भरमू थांबला. पुढच्या ओळी त्याच्या नजरेखालून गेल्या होत्या. पत्र इथं घडी करून ठेवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. गल्लीत हिंदी एवढं वाचणारा दुसरा नव्हता. त्यानं एकदा चौकटीकडं बघितलं. गंगव्वा उभी होती, हाताला सुताचे तंतू चिकटलेले. मग त्यानं चष्मा वर सारला आणि आवाज खाली न आणता वाचलं:

"मी तीस वर्षं कांड्या भरल्या आणि तुटलेले धागे जोडले. कागदावर मी नव्हते, म्हणून माग गेल्यावर माझं काय गेलं, हेही कुणी लिहिलं नाही. तुमच्या पत्रात दोन मागांना एक माणूस आहे. एकटा माणूस एवढं सगळं करत असेल, तर तुमचं यंत्र आमच्यापेक्षा चांगलं आहे. त्याचा फोटो पाठवा. तसं नसेल, तर पुन्हा मोजा."

रवळू हसला. फोटो धाड रं भरमू, असं काहीतरी तो म्हणाला, पण त्याच्यामागून कुणीच हसलं नाही. बारा बापे एकमेकांकडं बघायचं टाळत होते. भरमूच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. दहा वर्षं तो जगाला प्रश्न विचारत होता, आणि जगानं त्याला एकच उलटा विचारला होता.

मग गंगव्वा बोलली. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलली नव्हती. तिनं वर्धमान शेठना विचारलं:

"अण्णा, त्ये कांडीचं यंत्र चालीवणार कोन?"

शेठ म्हणाले, कोल्हापुरातून दोन कारागीर आणणार आहे.

"आमी का न्हाय?"

वर्धमान शेठ सरळ माणूस, हे आधी सांगितलंच आहे. ते म्हणाले, हे मी धरलंच नव्हतं. मग त्यांनी तिथंच बसून मोजायला घेतलं. घरागणिक नावं सांगायला सुरुवात झाली: सासू, सून, विधवा नणंद, आत्ती. बारा माणसांची तीस झाली. यंत्रावर, दोन पाळ्या धरून, सहाजणी लागतील; तीस काही शेडीत मावणार नाहीत, हे त्यांनी लपवलं नाही. बायका चौकटीतून बाहेर जोत्यावर आल्या, आणि पुढचा तासभर बैठक त्यांचीच झाली. पुरुषांना चहा ठेवायला उठून आत जावं लागलं.

गंगव्वा घर धरून बसेल असं भरमूला वाटत होतं. पण तिचं म्हणणं वेगळंच निघालं. शेड वाईट नाही, घर वाईट नाही, ती म्हणाली. "शेडात जायाचं तर दोघं जाऊ. वहीत नाव दोघांचं, पगार ज्येच्या त्येच्या हातात. न्हाईतर माग हितनं हालायचा न्हाय." भरमूनं तिच्याकडं नवी साडी तपासावी तसं बघितलं आणि मान हलवली.

शेवटी वहीत दोघांची नावं घालून पाच घरांचे दहा माग, भरमूचे धरून, काकतीच्या वाटेवर गेले आणि सातांचे सोप्यात राहिले. त्या सातांना सूत वर्धमान शेठ पुरवू लागले. यंत्रावरच्या सहाजणींत गंगव्वा पहिली. म्हणजे कोरियाही झाला आणि तैपेईही झाली, असं भरमू म्हणायचा, आणि मग लगेच, की तसं म्हणणंही बरोबर नाही.

टोकियोला उत्तर लिहायला तो टिळकवाडीला गेला तेव्हा गंगव्वाही बरोबर आली. ती त्या घरी पहिल्यांदाच येत होती. खुर्चीच्या कडेवर बसली. त्या बाईला इंग्रजीत लिहू या, असं राजमतीबाईंचं मत पडलं. आभार लिहून झाले, यंत्राचा फोटो नाही हेही लिहून झालं. मग बाईंनी विचारलं, काम करणारी माणसं किती लिहू?

"दोन," भरमू म्हणाला. बरोबर उत्तर सापडलेल्या पोरासारखा तो बायकोकडं बघत होता.

"तीन लिवा बाई," गंगव्वा म्हणाली.

भरमूला कळेना. घरात तिसरं कोण?

"तुमची आई," ती म्हणाली. "मी लगीन हून आलतो, तवापास्नं त्या गेल्या तवापत्तर, रोज माज्या शेजारी रहाटावर हुत्या. मरायच्या दिशी सकाळी बी चाळीस कांड्या भरल्या त्येंनी. त्या गेल्या म्हनून त्येंचं काम जातंय व्हय?"

राजमतीबाई पेन उचलून थांबल्या. भरमूनं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. आई मागापाशी बसलेली त्याला अगदी स्वच्छ दिसत होती, आणि इतकी वर्षं ती तिथं काय करत होती हे कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, बसलेली असायची. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"नाव काय त्यांचं?" बाईंनी विचारलं.

"तानीबाई," भरमू म्हणाला.